कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी कोणती घ्यायची आणि ती कशी बसवायची?

संध्याकाळी मोजून दहा कोंबड्या आत घातल्या, कडी लावली, आणि सकाळी दार उघडलं तर तीन मेलेल्या, दोन गायब. जाळी तर शाबूत दिसतेय! गावाकडे कोंबड्या पाळणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात हा किस्सा कधी ना कधी घडलेला असतो. मग मुंगसाला शिव्या दिल्या जातात, कुणीतरी विषाची पुडी सुचवतो, कुणीतरी जाळीत करंट सोडायला सांगतो.

खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून जी मिळते ती कोंबडीला आत ठेवण्यासाठी बनवलेली असते, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींसाठी जाळीही वेगळी लागते. चांगली जाळी आणली तरी ती कडेला, कोपऱ्यात आणि दारापाशी नीट बसवली नसेल तर पैसे वाया जातात. शिकारी प्राणी सहसा जाळीच्या मधोमध डोकं आपटत नाही, तो कडेकडेने हुंगत फिरतो आणि फट शोधतो.

आधी चोर कोण ते ओळखा

महाराष्ट्रात आणि गोव्यात खुराड्यावर येणारे पाहुणे ठरलेले आहेत. मुंगूस दिवसा येतं. पहाटे लवकर किंवा दुपारी, घरची माणसं शेतात गेलेली असताना. अडकलेल्या जागेत शिरलं तर एकावर थांबत नाही, फडफडणाऱ्या प्रत्येक कोंबडीवर झेपावतं. रानमांजर आणि उदमांजर (कोकणात कांडेचोर म्हणतात ते) रात्री येतात. उदमांजर उत्तम चढतं, त्यामुळे त्याचा रस्ता बहुतेकदा छपरावरून असतो. मंगलोरी कौलं सरकवून आत उतरणं त्याला अवघड नाही. भटकी कुत्री ताकदीने जाळी फाडतात, आणि मागे पिसांचा सडा ठेवून जातात.

घूस आणि उंदीर मोठ्या कोंबडीला सहसा हात लावत नाहीत, पण पिल्लं ओढून बिळात नेतात आणि खाद्य फस्त करतात. अंडी टरफलासकट नाहीशी झाली किंवा पिल्लू कसलाही मागमूस न ठेवता गेलं, तर सापाचा संशय घ्यावा. घोरपडही अंड्यांवर येते, पण दिवसाउजेडी. उघड्यावर फिरणाऱ्या पिल्लांवर घार, शिक्रा आणि कावळा यांची नजर असते.

मेलेल्या कोंबडीचं फक्त डोकं किंवा पाय गायब आहे आणि धड जाळीला लागूनच पडलंय? मग कुणी आत आलेलंच नाही. जाळीच्या भोकातून पंजा घालून झोपलेल्या कोंबडीला बाहेर ओढलंय. 'जाळी शाबूत आणि कोंबडी मेलेली' या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

बाजारात काय काय मिळतं?

पहिली षटकोनी जाळी. बारीक तारा पिळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी विणलेली. स्वस्त, हलकी, हाताने वाकते. हीच ती 'कोंबडी जाळी'. तिची तार बहुतेकदा २० किंवा २२ गेजची असते, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. कुत्रा दातात धरून ओढतो तेव्हा ती उसवते, आणि एक तार तुटली की शेजारचे पीळ सैल होऊन भोक मोठं होत जातं. दिवसा कोंबड्यांना भाजीच्या वाफ्यापासून दूर ठेवायला ती उत्तम आहे. रात्रीच्या खुराड्याला नको.

दुसरी वेल्डमेश, म्हणजे उभ्याआडव्या तारा प्रत्येक सांध्याला वेल्ड केलेली चौकोनी जाळी. एक तार तुटली तरी बाकीच्या जागच्या हलत नाहीत. खुराड्यासाठी हीच घ्यावी.

तिसरी चेनलिंक, शेताच्या कुंपणाला लावतात ती. तार जाड आणि मजबूत, कुत्र्यांना पुरून उरणारी. पण दोन-तीन इंची चौकटीतून लहान मुंगूस, घूस, साप सगळे जातात, आणि तुमची पिल्लं बाहेर पडतात. घरी चेनलिंक आधीच असेल तर काढू नका, तिच्या आतून खालचे दोन-तीन फूट वेल्डमेश जोडा.

प्लास्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. हिरवं शेडनेट सावलीसाठी आहे, त्याला संरक्षण समजू नये. मासेमारीची जुनी नायलॉन जाळी कोकणात सहज मिळते म्हणून गुंडाळली जाते. तिच्यात साप अडकतात, तडफडतात, आणि मग नाग अडकलेली जाळी सोडवायची कुणी हा नवा प्रश्न उभा राहतो.

भोक किती, तार किती जाड?

रात्रीच्या खुराड्याला अर्धा इंच बाय अर्धा इंच. एवढ्या भोकातून मांजराचा पंजा आत येत नाही, मोठी घूस येत नाही, मुंगूस तर नाहीच. अगदी लहान उंदराचं पिल्लू आणि सापाचं पिल्लू तरीही शिरू शकतं, कारण उंदराची कवटी जिथून जाते तिथून त्याचं अंगही जातं. पाव इंची जाळी लावली तर तेही थांबतील, पण तिच्यात धूळ आणि पिसं अडकून हवा कोंडते आणि खर्च वाढतो. पाव इंची जाळी फक्त पिल्लांच्या पेटीला लावावी, तिथे तिचा उपयोग आहे.

एक इंची वेल्डमेश वाईट नसते, तार जाड असेल तर कुत्र्यांविरुद्ध छान टिकते. पण मग बसायची दांडी जाळीपासून निदान दीड फूट आत हवी, नाहीतर पंजा घालून ओढण्याचा प्रकार होतो.

आता गेज. इथे गिऱ्हाईक हमखास फसतं, कारण आकडा उलटा चालतो: गेज जितका मोठा, तार तितकी बारीक. 'साहेब, २२ गेजची भारी जाळी आहे' असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा. साधारण मापं अशी: १४ गेज म्हणजे दोन मिलिमीटर, १६ म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७ मिलिमीटर. अर्धा इंची जाळीसाठी १८ गेज पुरेशी आहे. एक इंची घेत असाल तर १६ किंवा १४ पाहा.

दुकानदार १८ सांगून २० देत नाहीये हे कसं कळणार? नमुन्याच्या तुकड्यातून तारेचे दहा तुकडे काढा, शाळेच्या पट्टीवर एकमेकांना चिकटवून ठेवा. दहा तारांची रुंदी १२ मिलिमीटर भरली तर १८ गेज, ९ भरली तर २०. अख्खा रोल घेत असाल तर वजन करा. अर्धा इंची, चार फूट रुंद आणि ५० फूट लांब रोल १८ गेजचा असेल तर सत्तावीस किलोच्या आसपास भरतो. तोच २० गेजचा असेल तर जेमतेम पंधरा. फरक एवढा मोठा आहे की साध्या काट्यावरही लपत नाही.

गंजाचा प्रश्न

'जीआय' म्हणजे तारेवर जस्ताचा थर. पण हा थर कधी दिला यावर जाळीचं आयुष्य ठरतं. काही जाळ्यांत आधी जस्त चढवलेली तार घेऊन मग वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकं सांध्यावरचं जस्त जळतं, आणि दोन पावसाळ्यांत प्रत्येक सांध्यावर लाल ठिपका दिसू लागतो. चांगल्या जाळीत आधी वेल्डिंग करून मग अख्खी जाळी वितळलेल्या जस्तात बुडवलेली असते. ती ओळखायची खूण म्हणजे सांध्यावर जस्ताचा जाडसर, थोडा ओबडधोबड थेंब साचलेला असतो. दिसायला कमी गुळगुळीत, टिकायला जास्त. दोन्हींवर 'जीआय' असंच लिहिलेलं असतं, तेव्हा सांधा डोळ्यांजवळ धरून बघा.

समुद्राजवळ खारी हवा जस्त लवकर खाते, तिथे या फरकाला अजूनच महत्त्व. पण घाटावरही एक शत्रू आहे तो म्हणजे कोंबडीची विष्ठा. ओली विष्ठा आणि भुसा जाळीला लागून साचला की खालची वीतभर जाळी आधी सडते, आणि घूस नेमकी तिथेच येते. म्हणून जाळी जमिनीपासून सुरू न करता खाली विटांची किंवा जांभ्या चिऱ्यांची दीड-दोन फूट भिंत घ्यावी आणि जाळी तिच्यावर बसवावी. ओल टळते, कुत्र्याला कोंबडी समोर दिसत नाही आणि जाळीही कमी लागते.

हिशेब करून बघू. सहा फूट लांब, चार फूट रुंद, सहा फूट उंच खुराडं, खाली दोन फूट भिंत. चारही बाजूंची बेरीज वीस फूट आणि जाळीची उंची चार फूट. चार फुटी रुंदीच्या रोलमधून वीस फूट लागेल, कोपऱ्यांतली जोड धरून बावीस घ्या. एवढ्यात दहा-बारा गावठी किंवा गिरिराज, वनराजसारख्या कोंबड्या रात्री आरामात बसतात.

जमिनीखालून येणाऱ्यांचं काय?

खुराड्याला भिंत आणि आत कोबा असेल तर हा प्रश्न मिटला. मुरूम धुमसून त्यावर तीन इंच काँक्रीट, एवढं पुरे. मातीची जमीन ठेवलीत तर घूस भिंतीखालून बीळ काढून थेट आत उगवते आणि वरची जाळी नुसती शोभेला उरते.

दिवसाच्या फिरायच्या आवाराला मात्र कोबा करता येत नाही, कोंबड्यांना उकरायला माती हवी. तिथे दोन उपाय आहेत. एक, जाळी फूट-दीड फूट खोल गाडणं. दुसरा, मला जास्त पटणारा, जाळीची झालर. तीन फुटी वेल्डमेश घ्या आणि एक फुटावर काटकोनात वाकवा. तो एक फूट कुंपणाला खालून बांधा, उरलेले दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरा. कोपऱ्यांवर वेगळा तुकडा टाका, तिथे हमखास उघडं राहतं. सळईचे वाकडे हूक ठोकून ती जमिनीला घट्ट करा, वर दगड किंवा थोडी माती.

हे का चालतं? उकरणारा प्राणी कुंपणाला नाक लावतो आणि तिथेच उकरायला लागतो. पायाखाली जाळी लागते, तो थोडा सरकतो, पुन्हा जाळी. दोन फूट मागे जाऊन तिथून बोगदा काढावा असं त्याला सुचत नाही. एका पावसाळ्यात गवत जाळीतून वर येतं आणि तिला असं आवळून धरतं की हाताने उचलता येत नाही.

कोकणात जांभ्यात चर खणणं म्हणजे पहारीशी कुस्ती, तिथे झालरच सोयीची. काळ्या मातीत वेगळी अडचण. उन्हाळ्यात ती भेगाळते, भिंतीच्या पायथ्याशी बोटभर ते मूठभर फट पडते आणि उंदरांना आयता रस्ता मिळतो. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये पायथ्याशी एक फेरी मारून भेगांत मुरूम ठासावा.

बसवताना

जाळी चौकटीच्या बाहेरून लावा. बाहेरून धक्का बसला की ती चौकटीवर दाबली जाते. आतून लावली तर प्रत्येक धक्का खिळे उपटायला मदत करतो.

रोल उघडताना जपून. घट्ट गुंडाळलेली वेल्डमेश सुटली की स्प्रिंगसारखी परत येते आणि कापलेल्या तारांची टोकं तोंडावर बसतात. दोन्ही टोकांना विटा ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला. कापण्याआधी मापात चारी बाजूंनी दोन इंच जास्त धरा.

आधी वरची कड पक्की करा, जाळी खाली सोडा, मग मधून दोन्ही बाजूंना ताणत जा. लाकडी चौकटीला यू खिळे दर तीन-चार इंचांवर ठोका, आणि वरून लाकडी पट्टी स्क्रूने आवळा. पट्टीमुळे ओढ एका खिळ्यावर न येता सगळ्या कडेवर वाटली जाते. बंदुकीने मारायच्या बारीक पिना फ्लेक्स लावायला ठीक, कुत्रा त्या एका झटक्यात काढतो. बांबूला खिळा मारला की तो उभा चिरतो, तिथे बाइंडिंग वायरने दुहेरी बांधा. लोखंडी अँगलची चौकट असेल तर जाळीवर पट्टी ठेवून नटबोल्ट लावणं चांगलं. वेल्डिंगच करायचं असेल तर जिथे जिथे जस्त जळेल तिथे लगेच झिंक प्रायमर मारून घ्या, वेल्डर 'नंतर मारा' म्हणतो आणि ते नंतर कधीच येत नाही.

दोन तुकडे जोडताना निदान दोन इंच एकमेकांवर चढवा आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या चौकटीला तारेने शिवा. पिळलेली टोकं बाहेरच्या बाजूला वाकवा, आत राहिली तर कोंबड्यांचे डोळे आणि तुरे जखमी होतात.

दार, पत्रा आणि विजेची वायर

सगळ्यात जास्त चोऱ्या दाराच्या खालच्या फटीतून होतात. पावसात लाकडी दार फुगतं, घासतं, म्हणून आपणच ते खालून तासतो. मग मे महिन्यात ते आकसतं आणि खाली इंचभर फट उरते. खाली दोन इंचांचा उंबरा घ्या, दार त्याच्यावर बाहेरून टेकलं पाहिजे. नुसती सरकती कडी धक्क्यांनी हळूहळू मागे येते. कडी-कोयंडा लावून त्यात खिळा किंवा कुलूप अडकवा, आणि खालच्या कोपऱ्यालाही एक कडी ठेवा. वर एकच कडी असली की खालचा कोपरा कुत्रा नाकाने उचलतो.

नालीदार पत्र्याच्या प्रत्येक लाटेखाली भिंतीवर अर्ध्या-पाऊण इंचाची पोकळी राहते. उंदीर आणि साप दोघांची ती आवडती वाट. जाळीच्या पट्ट्या दुमडून त्या पोकळ्यांत कोंबा आणि खालून सिमेंटचा माल भरा. कौलारू छप्पर असेल तर कौलांखाली सगळीकडे जाळी ताणून घ्या.

काम संपल्यावर एक सोपी परीक्षा करा. अमावस्येच्या आसपास रात्री आत दिवा लावा, बाहेर अंधारात उभे राहा आणि चारी बाजूंनी बघा. जाळीशिवाय जिथून उजेड सांडतोय तिथून चोर येणार. जिथे अंगठा शिरतो ती फट बुजवा.

पिल्लांच्या उबेसाठी बल्ब लावत असाल तर त्याची वायर जाळीच्या भोकातून ओवू नका. कापलेल्या तारेवर घासून इन्सुलेशन निघालं की अख्ख्या खुराड्यात वीज उतरते आणि सकाळी अंडी काढायला हात लावणाऱ्याला झटका बसतो. वायर पाइपातून न्या, जाळीला अर्थिंग द्या, लाइनवर ईएलसीबी असू द्या. आणि मुंगसाला धडा शिकवायला जाळीत घरची वीज मुद्दाम सोडणं हा तर गुन्हा आहेच, पण त्यात मरतं ते शेजारचं पोर, स्वतःचं गुरू किंवा स्वतः शेतकरी.

विषाचंही तसंच. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबड खातं, घरचं मांजर खातं, आणि उंदीर मारणारे हे फुकटचे राखणदार संपतात. मुंगूस, घोरपड, रानमांजर या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. त्यांना मारणं महागात पडू शकतं, जाळी त्याहून स्वस्त आहे.

जिथे जाळी पुरत नाही

सापांबाबत खोटी खात्री देण्यात अर्थ नाही. अर्धा इंची जाळीतून लहान साप येतोच, आणि आत पिल्लू किंवा अंडं गिळलं की फुगलेल्या पोटामुळे त्याला बाहेर जाता येत नाही. तो तिथेच, अंड्यांच्या टोपलीखाली बसून राहतो. अंडी काढायला घरातली लहान मुलं किंवा आजी जाते आणि अंधारात चाचपून हात घालते. म्हणून खुराड्यात बॅटरीशिवाय हात घालायचा नाही, हा घरातला नियम असू द्या. अंडी ठेवायची पेटी कमरेइतक्या उंचीवर आणि पुढून पूर्ण उघडी असावी, म्हणजे आत काय आहे ते आधी दिसतं. साप दिसला तर दार लावून सर्पमित्राला बोलवा, आणि चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात. सांडलेलं खाद्य रोज उचललं आणि पोतं पत्र्याच्या डब्यात ठेवलं तर उंदीर घटतात, आणि उंदरांमागे येणारे सापही.

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, निफाड या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. त्याच्यासमोर १८ गेजची जाळी म्हणजे कागद. तिथे रात्रीचं खुराडं घराला लागून, विटांच्या भिंतींचं आणि पक्क्या छपराचं असावं, हवेसाठी वर लहान झरोके ठेवून त्यांना सळया आणि आतून जाळी लावावी. मेलेली कोंबडी आणि आतडी जवळ टाकू नयेत. त्या वासावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या.

आणि दिवसा मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना कोणतीच जाळी वाचवत नाही. नवी पिल्लं असतील तेव्हा पहिले पाच-सहा आठवडे त्यांना वरून झाकलेल्या आवारात किंवा जुन्या पद्धतीने डालग्याखाली ठेवा. तोपर्यंत त्यांना पंख फुटतात, आणि घारीची सावली पडली की आईच्या हाकेला आडोशाला पळायचं हेही शिकलेलं असतं.